शाळेतल्या समुपदेशक मुलीशी काय बोलतात आणि आपल्याला का सांगत नाहीत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगी नववीत आहे, पुढच्या वर्षी विषय निवडायचे आहेत. शाळेतल्या समुपदेशकबाईंनी तिला महिन्याभरात चार वेळा बोलावलं. तुम्ही फोन केलात तर त्या म्हणाल्या, ‘तिची हरकत नसेल तेवढं सांगते.’ मुलीला विचारलंत तर ‘काही नाही, असंच.’ कल चाचणीचा कागद घरी आला, पण हिनं नेमकं काय घ्यावं हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. मग या बाईंचं काम तरी काय, आणि हे बंद करायला सांगू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: लगेच बंद करू नका. बाकीचं उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. समुपदेशकाचं काम काय, हा वरवरचा. त्याच्या खाली दुसरा आहे: माझी लेक जे मला सांगत नाही ते एका परक्या बाईला सांगते, आणि मला मात्र दाराबाहेर उभं केलंय. माझ्याकडे येणारे पालक विचारतात पहिला आणि झोप उडालेली असते दुसऱ्यानं. बावीस वर्षं मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करतेय, पण माझा मुलगा त्याच्या शाळेतल्या समुपदेशकांकडे जायला लागला तेव्हा माझ्याही पोटात कालवायचं. एकदा तर त्याच्या वहीची मागची पानं चाळताना मी स्वतःलाच पकडलं. तेव्हा तुम्हाला जे वाटतंय त्यात वावगं काही नाही.

आता आधीच कबूल करायच्या गोष्टी. समुपदेशक काय करू शकतात हे त्यांच्यावर किती मुलं आहेत यावर फार अवलंबून असतं. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना 1965 पासून सांगत आलीय की एका समुपदेशकामागे 250 विद्यार्थी असावेत. हा आदर्श झाला. प्रत्यक्षात कुठे कुठे एकाच माणसाकडे दोन हजार मुलंही असतात, वर वेळापत्रक आणि परीक्षेची कामंही त्याच्याच गळ्यात असतात. अशा ठिकाणी ‘चार वेळा बोलावलं’ याचा अर्थ त्या बाईंनी तुमच्या मुलीसाठी कुठून तरी वेळ काढलाय असाही होतो. गोपनीयतेबद्दलचे नियम, पालकांना नोंदी पाहायचा हक्क, संमतीचं वय हे देशागणिक आणि कधी कधी शाळेगणिक बदलतं. त्यामुळे मी खाली सांगतेय ती माझी पद्धत आहे. तुमच्या शाळेचा नियम काय, हे तिथेच विचारावं लागेल.

समुपदेशक म्हणजे ‘हे घे, ते घेऊ नको’ सांगणारा माणूस, ही समजूत कुठून आली? ती अगदीच चूक नाही, जुनी आहे. 1908 साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना कामधंदा निवडायला मदत करणारं एक केंद्र सुरू केलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या, आणि मग दोन्हींची सांगड डोकं ठिकाणावर ठेवून घाला. त्याच वर्षी ते वारले, पण मांडणी टिकली. पुढे 1957 मध्ये सोव्हिएत संघानं स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिका हादरली. 1958 मध्ये तिथे कायदा झाला, त्यातून शाळांमधल्या समुपदेशकांसाठी आणि त्यांच्या प्रशिक्षणासाठी पैसा आला. हेतू उघड होता, हुशार मुलं हेरायची आणि विज्ञान-गणिताकडे वळवायची. म्हणजे हे पद वाढलं तेच मुळी मुलांची निवड-पाखड करायला. काम तेव्हापासून खूप बदललं, लोकांच्या डोक्यातलं चित्र मात्र तितकं बदललं नाही. काही शाळांच्या व्यवस्थापनाच्या डोक्यातलंही नाही, पण तो वेगळा राग आहे, त्याकडे नंतर येते.

मग आत घडतं काय? एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

एक मुलगा विषय बदलायचा अर्ज घेऊन आला. गणित सोडायचं होतं. अर्ज नीट भरलेला, पालकांची सही झालेली, फक्त माझी सही हवी होती. पाच मिनिटांचं काम. तो खुर्चीच्या कडेवर बसला, दप्तर मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. मी मुलांच्या दप्तराकडे बघते. मांडीवर असेल तर मूल अजून निघायच्या तयारीत असतं. खाली ठेवलं की बसलं. मी म्हटलं, ‘सही करते, पण आज नाही. गणिताच्या तासाला जायच्या आधी काय काय होतं, तेवढं मला सांग.’ त्यानं खांदे उडवले. मार्क पाहिले तर वाईट नव्हते. दुसऱ्या भेटीत तो मधल्या सुट्टीबद्दल बोलला. तिसऱ्या भेटीत दप्तर खाली ठेवलं आणि म्हणाला, ‘त्या वर्गात माझ्याशेजारी कोणी बसत नाही.’ गणिताच्या तुकड्या नव्यानं पाडल्या होत्या, त्याचे दोन्ही मित्र दुसरीकडे गेले होते, आणि जोडीनं करायच्या प्रत्येक कामात हा एकटा उरायचा. शिक्षक रोज वर्गासमोर विचारायचे, ‘कोण घेतंय याला?’

त्याला गणित नको होतं असं नाहीच, ते एक वाक्य नको होतं. मी त्याला विचारून शिक्षकांशी बोलले. जोड्या मुलांवर न सोडता शिक्षकच पाडायला लागले. अर्ज माझ्या खणात पडून राहिला, त्यानं पुन्हा मागितला नाही.

आता विचार करा, दुसऱ्या भेटीनंतर त्याच्या वडिलांचा फोन आला असता आणि ‘काय म्हणतो?’ असं त्यांनी विचारलं असतं, तर मी काय सांगणार होते? ‘मधल्या सुट्टीबद्दल बोलतो’? त्यांनी घरी जाऊन विचारलं असतं, ‘मधल्या सुट्टीत काय भानगड आहे?’ आणि तिसरी भेट झालीच नसती. तुमच्या बाई तुम्हाला काही सांगत नाहीत याचं कारण पुष्कळदा इतकंच साधं असतं: सांगण्यासारखं अजून काही हाती लागलेलं नसतं, आणि अर्धवट सांगितलं तर लागणारही नाही.

गोपनीयतेबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे पालकांचे गैरसमज असतात आणि काही समुपदेशकांचेही. पहिल्याच भेटीत मी मुलाला सांगते: तू इथे जे बोलशील ते माझ्यापाशी राहील, पण काही गोष्टी मी लपवणार नाही. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्या कोणाला धोका असेल, कोणी तुला इजा करत असेल किंवा तुझा गैरफायदा घेत असेल, तर मला ते योग्य माणसांना सांगावंच लागेल. न्यायालयानं विचारलं तरीही. आणि सांगायची वेळ आलीच तर आधी तुला सांगेन, कसं सांगायचं ते शक्यतो आपण मिळून ठरवू. हे ऐकून मुलं गप्प होतील अशी मला सुरुवातीला भीती वाटायची. अनुभव उलटा आला. कुंपण कुठे आहे हे कळलं की मूल आत मोकळं फिरतं.

जिवाच्या धोक्याची शंका आली तर मी आडवळणानं विचारत नाही. ‘जगू नये असं वाटतं का? मरायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारते. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येईल ही भीती अनेकांना असते. अभ्यासांमधून तिला आधार मिळालेला नाही. घरीही हे लागू आहे. मुलगी झोपेनाशी झाली, आवडीच्या गोष्टी सोडल्या, स्वतःच्या वस्तू वाटायला लागली, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं हसत हसत जरी बोलली, तर समुपदेशकांच्या पुढच्या भेटीची वाट पाहू नका. तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी शाळेला कळवा आणि डॉक्टर गाठा. तुमच्या लिहिण्यात असं काही दिसलं नाही, तरी हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आता तो चाचणीचा कागद. तुमची जास्तीत जास्त निराशा त्यावर आहे असं दिसतंय.

कल चाचणी आणि अभिक्षमता चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरी येईपर्यंत त्यांची खिचडी झालेली असते. कल म्हणजे काय करायला आवडतं. अभिक्षमता म्हणजे काय शिकायला तुलनेनं सोपं जाईल. आवडतं ते जमेलच असं नाही, जमतं ते आवडेलच असं नाही. तुम्ही कागदावरची जी सहा अक्षरं लिहिली आहेत, ती जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीतली. 1959 मध्ये त्यांनी ती पहिल्यांदा मांडली. त्यात आवडींचे सहा गट आहेत: हातानं आणि यंत्रांशी काम करण्याची ओढ, शोध घेण्याची, कलेची, माणसांना मदत करण्याची, पुढाकार घेऊन लोकांना पटवण्याची, आणि नीटनेटक्या, नियमबद्ध कामाची. तुमच्या मुलीच्या पहिल्या तीन गटांच्या आकड्यांत एकेक गुणाचा फरक आहे. याला मी ‘क्रम’ म्हणणारच नाही. पुढच्या महिन्यात तीच चाचणी दिली तर ही तीन अक्षरं जागा बदलतील. चौदाव्या वर्षी आवडी अजून हलत्या असतात, आणि जे काम कधी जवळून पाहिलंच नाही ते आवडतं का, या प्रश्नाला मूल अंदाजानंच उत्तर देतं.

दुसरी गल्लत पर्सेंटाइलची. कागदावर 62 लिहिलंय म्हणून तुम्ही ‘जेमतेम पहिला वर्ग’ म्हणालात. 62 पर्सेंटाइल म्हणजे शंभरापैकी 62 गुण नव्हेत. तिच्या वयाच्या ज्या मुलांशी तुलना केली, त्यांतल्या साधारण 62 टक्के मुलांपेक्षा ती त्या चाचणीत पुढे आहे. म्हणजे मधल्या मोठ्या घोळक्यात, किंचित पुढच्या बाजूला. या मधल्या पट्ट्यात दोन-चार प्रश्न इकडचे तिकडे झाले तरी पर्सेंटाइल बरंच सरकतं, त्यामुळे 62 आणि 55 यांत फरक शोधत बसू नका. चाचणीच्या दिवशी ताप होता का, हे मी त्याआधी विचारीन.

हे मी इतक्या ठासून सांगते कारण मी यात चुकलेय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलीला मी तिच्या अवकाशीय अभिक्षमतेचा, म्हणजे आकार आणि जागा मनात फिरवून पाहण्याच्या क्षमतेचा, आकडा दाखवून सांगितलं होतं, की वास्तुरचनेचं तिला जड जाईल. माझ्याजवळ छापील तक्ता होता, आत्मविश्वास होता, आणि ती पंधरा वर्षांची होती. तिनं मान डोलावली, कागद चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवला आणि दुसरं काहीतरी निवडलं. तिला ते जमलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण तो निर्णय तिचा होता, आणि मी एका आकड्याच्या जोरावर तो तिच्या आधी घेऊन टाकला. तेव्हापासून चाचणीचा कागद मी मुलाच्या हातात देते आणि विचारते, ‘यातलं कुठलं वाक्य तुला तुझं वाटत नाही?’ जे पटत नाही त्यावर मुलं खरं बोलतात. तुमच्या बाईंनी ‘हे घे’ असं लिहून दिलं नाही, त्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदरच आहे.

म्हणजे विषयनिवडीत त्यांचा काही उपयोगच नाही असं नव्हे. कुठला विषय आत्ता सोडला तर पुढे कुठली दारं बंद होतात आणि कुठली नंतरही उघडता येतात, ही माहिती त्यांच्याकडे असायलाच हवी, ती हक्कानं मागा. त्या क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या माणसाशी अर्धा तास बोलता येईल का, एखादा दिवस सोबत राहून काम पाहता येईल का, हेही विचारा. माझ्या अनुभवात असा एक दिवस दहा चाचण्यांना भारी पडतो. एक मुलगी पशुवैद्यकांकडे दिवसभर थांबून आली आणि म्हणाली, ‘प्राणी आवडतात, पण दिवसभर घाबरलेले प्राणी नाही.’ हे कुठल्या तक्त्यात सापडणार?

मघाशी म्हटलेला राग आता काढून टाकते. मी एका शाळेत होते तिथे उशिरा येणाऱ्या मुलांना चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवायचे. वर्गात मारामारी झाली, पाठवा समुपदेशनाला. केस वाढलेत, पाठवा समुपदेशनाला. सहा महिन्यांत माझ्या खोलीचं नाव मुलांमध्ये ‘कोठडी’ पडलं आणि आपणहून येणारं एकही मूल उरलं नाही. शिस्त लावणारा आणि ऐकून घेणारा एकच माणूस असला की ऐकण्याचं काम संपतं. मुलीला बोलावतात ती पद्धत जरा पाहून घ्या. भर वर्गात नाव पुकारून नेत असतील तर तिच्या ‘काही नाही’ मागे मैत्रिणींसमोरची लाजही असू शकते. ते बदलायला सांगणं हा तुमचा हक्क आहे, आणि एखाद्या मोकळ्या तासाला बोलावणं कोणत्याही शाळेला जमण्यासारखं आहे.

समुपदेशकांच्या कामाला मर्यादाही आहेत. दीर्घकाळचे उपचार, निदान, औषधं हे त्यांचं क्षेत्र नाही. जिथे त्याची गरज दिसते तिथे योग्य माणसाकडे पाठवणं, आणि मूल तिकडे जायला लागल्यावर शाळेत त्याचं ओझं थोडं हलकं करणं, हे त्यांचं. चांगला समुपदेशक ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही’ असं सहज म्हणतो. तुमच्या बाईंनी ‘हिला नैराश्य आहे’ असं परस्पर सांगितलं, ‘आईवडिलांना कधीच काही कळणार नाही’ असं मुलीला वचन दिलं, किंवा तिथे बोललेलं शिक्षकांच्या खोलीत चघळलं जातंय असं कानावर आलं, तर मात्र गप्प बसू नका. थेट मुख्याध्यापकांकडे जा. तुम्ही सांगितलेल्यात असं मला काहीच दिसलं नाही.

आता करायचं काय. बाईंना फोन करून भेट मागा, पण प्रश्न बदला. ‘ती काय म्हणाली?’ विचारलंत की त्यांना दार लावावंच लागतं. त्याऐवजी विचारा: तुम्ही गोपनीयतेबद्दल तिला काय सांगितलंय? तातडीनं काळजी करण्यासारखं काही आहे का? घरी आम्ही काय करावं, काय टाळावं? पुढे किती भेटी असतील असं वाटतं? या चारही प्रश्नांची उत्तरं मुलीचं एकही वाक्य न फोडता देता येतात, आणि ती द्यायला त्या बांधील आहेत असं मी मानते. दुसऱ्या प्रश्नाला त्या क्षणभर थबकल्या तर तिथेच थांबून नीट विचारा. त्याच वेळी सुचवा, की मुलगी तयार असेल तर एक भेट तिघांची व्हावी. त्या भेटीत काय बोलायचं ते तिला आधी ठरवू द्या, आणि चाचणीचा कागद सोबत न्या.

तुम्हाला जे माहीत आहे ते मात्र बाईंना जरूर सांगा. घरात कोणी आजारी आहे, घर बदललंय, जवळची मैत्रीण दुरावली, असं काही असेल तर ते त्यांना तुमच्याखेरीज कोण सांगणार? पालक समजतात की माहिती त्यांच्याकडून आपल्याकडे यायला हवी. माझ्या कामात उलट दिशेनं आलेल्या माहितीनं जास्त गाठी सुटल्यात.

आणि मुलीशी. ‘आज बाईंकडे गेली होतीस का, काय बोललीस?’ हे काही दिवस सोडून द्या. एकदाच, दुसरं काहीतरी काम करता करता सांगा: ‘तू त्यांच्याशी बोलतेस ते मला चालतं. मला सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तरी मी रागावणार नाही.’ आणि मग खरंच रागावू नका, हा अवघड भाग. शेजारी बसून बोलणं या वयात समोरासमोर बसण्यापेक्षा सोपं जातं. गाडीत, चालताना, भांडी पुसताना. तिनं अर्धं वाक्य बोलून सोडलं तर पुरं करायला घेऊ नका. माझा मुलगा एकदा म्हणाला, ‘सर बरे आहेत, ते लगेच काही म्हणत नाहीत.’ मी लगेच काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं.

भेट झाली की इथे लिहा. चाचणीच्या उरलेल्या पानावर काय आहे तेही टाका, तिचं नाव आणि शाळा झाकून. अभिक्षमतेचे उपविभाग दिसले तर त्यांचा अर्थ कसा लावायचा ते सांगता येईल.